मंडळी गाते का?

उपासनेत रंगीत दिवे, धूर, एलईडी भिंत असावी की नको, यावर मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत, म्हणजे चर्चच्या समुदायांत, जुने विरुद्ध नवे असा वाद कायम रंगतो. मला एवढंच विचारायचंय: गीत चालू असताना बाकांवरची माणसं गातात का?

गात नसतील तर आधी पट्टी, म्हणजे गीताचा 'सा' कुठे धरलाय ते, तपासा. मुख्य गायक आपल्या गळ्याला शोभते म्हणून पांढरी पाच (पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी) धरतो. चाल तार षड्जाला, म्हणजे वरच्या 'सा'ला, गेली की निम्मे बाक गप्प. तेच गीत पांढरी दोनमध्ये घ्या, आजोबाही वर पोचतात.

मग ड्रमसेट. जुन्या दगडी चर्चमध्ये आवाज दोन-दोन सेकंद घुमतो. ऑर्गनला ते मानवतं, ड्रमचा मात्र गोंगाट होतो. ड्रम मोठा म्हणून गिटार वाढते, गिटार वाढली म्हणून गायकाचा माइक, आणि मग माइक शिट्टी मारतो. या गदारोळात शेजारच्याचा आवाज कानावर येत नाही, आणि तो आला नाही की माणूस स्वतःही तोंड उघडत नाही. तबला-ढोलकी आणि गायकांना मिळून एक माइक, एवढ्यावर मध्यम आकाराचं चर्च आरामात भागतं.

पडद्यावर एका वेळी चारच ओळी. चौथी ओळ संपता संपता स्लाइड बदला. संपल्यावर बदलली तर पुढचा पहिला शब्द हुकतोच. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, जुन्या फाँटमधली फाइल दुसऱ्या लॅपटॉपवर उघडली की अगम्य चिन्हं दिसतात. मागे हलते ढग नकोत, वेलांट्या त्यात बुडतात.

धुराचं यंत्र? पंखे लावले की धूर टिकत नाही, बंद केले की एप्रिलमध्ये मंडळी टिकत नाही.

साधेपणावाल्यांनी मात्र फार खूश होऊ नये. पेटीवाला दर कडव्याला लय सोडतो आणि सहाच्या सहा कडवी रेटली जातात, तेव्हाही लोक जांभयाच देतात. ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) ख्रिस्ती गीतं अभंग-ओवीच्या वळणाने लिहिली. त्या वळणात एकाने ओळ म्हणायची, सगळ्यांनी उचलायची. टाळ पुरतात, पडदा लागत नाही. कॅथलिकांकडेही दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये विधींत 'उदात्त साधेपणा' मागितला. फुलं वेदीवर नकोत, भोवती ठेवा, असा त्यांच्या मिस्साच्या, म्हणजे मुख्य उपासनेच्या, नियमांचा कल आहे, आणि ईस्टरआधीच्या उपवासकाळात तर मोजके दिवस सोडून फुलंच नाहीत. सजावट कधी थांबवायची हे असं लिहून ठेवलेलं बरं.

येत्या रविवारी दुसऱ्या गीताच्या शेवटच्या कडव्याला साउंडवाल्याला सगळे फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली घ्यायला सांगा. मग काय ऐकू येतं ते बघा.