‘तसंही त्यांना काही मिळतच नव्हतं’

संशोधनातल्या नैतिकतेचा विषय निघाला की सगळे अमेरिकेतल्या टस्कीगीच्या प्रयोगावर जाऊन थांबतात. अलाबामातले सिफिलिस हा गुप्तरोग झालेले ३९९ कृष्णवर्णीय पुरुष, १९३२ ते १९७२, तो बरा करणारं पेनिसिलिन आलं तरी सरकारी डॉक्टरांनी दिलं नाही, वर आजाराबद्दल खोटं सांगत राहिले. भयानकच. पण त्यावर मत बनवायला डोकं लागत नाही हो, व्हिलन समोर दिसतो. मला जास्त छळतात त्या नंतरच्या ट्रायल्स, म्हणजे माणसांवरच्या चाचण्या, जिथे हेतू चांगला होता.

१९९४ ला अमेरिका-फ्रान्समधल्या ट्रायलमधून कळलं की एचआयव्ही असलेल्या बाईला गरोदरपणात एझेडटी या एचआयव्हीवरच्या औषधाच्या गोळ्या, बाळंतपणात तेच शिरेतून आणि जन्मानंतर बाळाला सहा आठवडे औषध दिलं तर बाळाला लागण होण्याचं प्रमाण २५.५ टक्क्यांवरून ८.३ वर येतं. पण कोर्स महाग आणि किचकट, म्हणून आफ्रिका, थायलंड अशा ठिकाणी छोट्या, स्वस्त कोर्सच्या ट्रायल सुरू झाल्या. कल्पना चांगलीच. फक्त तुलना कशाशी, तर प्लासिबोशी! म्हणजे औषधाने बाळ वाचतं हे माहीत असताना काही बायकांना मुद्दाम नुसती पोकळ गोळी.

१९९७ मध्ये लुरी आणि वुल्फ या अमेरिकी डॉक्टरांनी यावर जाहीर टीका केली आणि मोठा वाद पेटला, एनआयएच आणि सीडीसी या अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संस्थांचे प्रमुख ट्रायलच्या बाजूने उतरले. त्यांचं म्हणणं, तिथे या बायकांना तसंही काही मिळत नाही, आणि छोटा कोर्स ‘काहीच नाही’पेक्षा बरा का हे प्लासिबोनेच लवकर कळेल. खरं सांगायचं तर हा मुद्दा फालतू नाहीये. थायलंडमध्ये लागण १८.९ वरून ९.४ टक्क्यांवर आली, उत्तर मिळालं, पुढे असंख्य बाळांना फायदा झाला.

तरीही मला पटत नाही. मिळत नव्हतं ते का? औषध नव्हतं म्हणून नाही, परवडत नव्हतं म्हणून. आणि एकदा तुम्ही तिला बोलावलंत, तिचं रक्त घेतलंत, फाईल उघडलीत, बाळ झाल्यावर त्याचंही रक्त तपासलंत, की ती ‘काही न मिळणारी बाई’ राहतच नाही, ती तुमची पेशंट होते. तिची गरिबी तुमच्या ट्रायलची सोय कशी काय होऊ शकते?

लांब कशाला, आपल्या उस्मानाबादचंच (आताचं धाराशिव) बघा. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी तिथे सुमारे १.३१ लाख बायकांवर अभ्यास झाला, २००९ ला छापून आला. एकदाच एचपीव्ही टेस्ट (हा कॅन्सर करणाऱ्या विषाणूची तपासणी) केलेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू, स्क्रीनिंग (लक्षणं नसतानाची तपासणी) न केलेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. निष्कर्ष जगभर कामाचा ठरला, मान्य. पण स्क्रीनिंगने जीव वाचतात हे पॅप स्मिअर या गर्भाशयमुखाच्या पेशींच्या जुन्या तपासणीमुळे कित्येक दशकं माहीत होतं, आणि तिथेही स्पष्टीकरण तेच, नाहीतरी गावात स्क्रीनिंग नव्हतंच. ६४ वजा ३४ करून बघा आणि मग हे वाक्य परत म्हणून बघा, मला तर जमत नाही.

माणसांवरच्या संशोधनाचे नैतिक नियम सांगणाऱ्या हेलसिंकी जाहीरनाम्यात २००० साली लिहिलं की तुलना सध्याच्या सर्वोत्तम उपचाराशीच करा. वा! आणि दोनच वर्षांत खाली टीप जोडली, शास्त्रीय पद्धतीसाठी सबळ कारण असेल तर प्लासिबो चालेल. आता सबळ म्हणजे किती सबळ हे ठरवणाऱ्या टेबलावर त्या गटातली एक तरी बाई बसते का, कुणाला माहीत असेल तर सांगा.