पोराचं गणित पक्कं करायचंय? गाडी चालूच ठेवा

परवा संध्याकाळी ऐन गर्दीच्या टायमाला दुकानात एक सहावीतलं पोट्टं आलं. अर्धा किलो साखर 23, चहापत्ती 36, तेलाचं पाकीट 75. मी लेकरांना टोटल सांगत नाही, त्यांनाच करायला लावतो. जुनी खोड आहे, डी.एड. केलंय ना, मास्तर भरतीचे फॉर्म भरता भरता चाळिशी आली, शेवटी किराणा टाकला, पण खोड काही गेली नाही. तर पोराने टोटल बरोबर सांगितली, 134. दोनशेची नोट दिली. म्हटलं, सांग बरं किती वापस देऊ? पोराने नजर छताकडे लावली, ओठ हलायला लागले, "एकशे चौतीसचे एकशे चाळीस... सहा... मंग दोनशेले..." अन् तेवढ्यात बाहेरून बाप ओरडला. गाडी चालूच, पाय जमिनीवर टेकलेला, तोंडात खर्रा. "त्याले काय इचारता भाऊ, ढ हाय तो एक नंबरचा! हातचा कुठं घेतला बे तू? द्या तुम्हीच जे होते ते!"

पोराचे ओठ थांबले.

ते पोट्टं साठवर पोचलं होतं हो. अर्धा सेकंद राहिला होता. अन् हातचा घ्यायची गरजच नव्हती, वरून मोजत जायची ही रीत आम्ही दुकानदार दिवसभर वापरतो, त्या पोराला ती कोणी न शिकवता सापडली होती. पण बापाला घाई. कुठली? पानठेल्यावर जायची.

तेव्हाच ठरवलं की आपल्या भागातल्या समस्त पालकांना गणिताबद्दल थोडं मार्गदर्शन करावं. तसे तुम्ही सगळे एक्स्पर्टच आहात, तरी पण.

सगळ्यात आधी खानदान काढा. लेकरू पहिलीत गेलं की पोळ्याला पाहुणे जमतात, त्यांच्यासमोर, लेकराला ऐकू जाईल अशा आवाजात जाहीर करा, "आमच्या घरात कोणालेच गणित आलं नाही, ह्याले कुठून येईन." हे सांगताना थोडं हसायचं, मान ताठ ठेवायची, जसं काही पाटलाची गढी वारशात मिळाली. हेच खानदान जिनिंगवर कापूस घेऊन गेलं की काय करतं ते मात्र लेकराला दाखवू नका. 2025-26 च्या हंगामात लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला 8110 होता, ओलावा 8 टक्क्यांपर्यंत पूर्ण भाव, त्याच्या वर टक्क्यामागे टक्का कपात, 12 च्या वर गेला की गाडी वापस. आता मीटरवर 11 आला तर तीन टक्के गेले, म्हणजे 7866 अन् वरचे काही पैसे. हे तुम्ही गाडीवर उभं राहून कागदाशिवाय करता, कापसाची प्रत ठरवणाऱ्या ग्रेडरशी भांडत करता. अन् तुमची आजी, जिने शाळेचं तोंड पाहिलं नाही, ती पावकी, निमकी, दिडकी, औटकी झोपेत म्हणायची. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा! आज तालुक्याच्या मास्तरालाही म्हणून दाखवता येणार नाही. पण नाही, खानदानात गणित नाही म्हणजे नाही.

'ढ' हे अक्षर रोज दोन वेळा, जेवणाआधी.

पाढे पाहुण्यांसमोरच म्हणवून घ्या. सात आठे छप्पन म्हणजे काय, सात डब्यात आठ-आठ लाडू का आठ डब्यात सात-सात, असं लेकरानं विचारलं तर, "जास्त शाना होऊ नको."

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक', 'सत्तर दोन' असं संख्यावाचन आलं, तेव्हा तुम्ही केवढी सेवा केली होती, आठवतं? दिवसाला पन्नास जोक. 'साठ तीन वर्षांचे आजोबा' वगैरे. मीही दोन फॉरवर्ड केले, खोटं कशाला बोलू. 'एकवीस' त्या पुस्तकात होतंच, त्याच्या बाजूला 'वीस एक'. कारण काय तर आपण 'त्रेसष्ट' म्हणतो तेव्हा तीन आधी ऐकू येतो अन् साठ मागून, लेकरू ऐकतं तसं लिहितं, 36. एकोणसत्तर तर अजून भारी, कानावर सत्तर पडतं अन् लिहायचे साठवर नऊ. माझ्या दुकानात महिन्यातून एखादं लेकरू एकोणसत्तर ऐकून 79 मोजून देतंच, मी दहाची नोट वापस करतो. गणित समितीच्या अध्यक्ष मंगलाताई नारळीकर बिचाऱ्या टीव्हीवर हे समजावून सांगत होत्या, जोडाक्षरांनी लहान लेकरं अडखळतात म्हणून. पण आपण ऐकायचं नसतं. पुस्तक उघडायचं तर मुळीच नसतं. मराठी बुडाली म्हणून बोंब मारायची अन् पुढच्या जूनमध्ये पोराला इंग्लिश मीडियमच्या पिवळ्या व्हॅनमध्ये बसवायचं.

तालुक्याला अबॅकसचा, म्हणजे मण्यांच्या पाटीवरून हिशोबाचा क्लास लावा. लेकरू हवेत बोटं नाचवत चार आकडी बेरजा फटाफट करतं, गॅदरिंगमध्ये टाळ्या पडतात. तसंच एक पोरगं माझ्याकडे पाऊण किलो बेसन घ्यायला आलं, मी म्हटलं 750 ग्राम देऊ ना, तर म्हणे "नाही नाही, आईने पाऊणच सांगतलं." मी दिलं पाऊणच.

शाळेत पालक सभेला जाऊ नका. झेडपीच्या शाळेला शिव्या घरूनही देता येतात. दोन गुरुजी, चार वर्ग, त्यात मतदार यादी, त्यात खिचडीचा हिशोब, त्यात रोज एक नवीन ऑनलाइन माहिती, पण गणित आलं नाही तर गुरुजीचीच चूक. 2024 च्या असर अहवालात, म्हणजे खेड्यातल्या पोरांचं वाचन-गणित तपासणाऱ्या सर्वेत, ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या 30.7 टक्के पोरांनाच तीन आकडी संख्येला एका आकड्याने भागता आलं, हा आकडा आला तेव्हा आपल्या गावच्या ग्रुपवर कसा फिरला होता. टाकणारा कोण, तर ज्याने आपल्या पोराला अख्ख्या वर्षात एक भागाकार विचारला नाही तो.

मोबाईल द्या. शांत राहते.

अन् पोरगी असेल तर सोपंच आहे, "तिले काय करायचं गणित घेऊन, पोळ्याच तर टाकायच्या हायत." हे वाक्य माझ्या काउंटरवर टेकून एकाने म्हटलं. त्याच्या घरचा बचत गटाचा रजिस्टर कोण लिहितं? त्याची बायको. दहा बायांचे हप्ते, कोणाचं मुद्दल किती आलं, कोणाचं व्याज बाकी, दोन रुपये शेकडा महिन्याचे म्हणजे वर्षाचे चोवीस, सगळं तिच्या बोटांवर. बँकेचा साहेब आला की तिलाच बोलावतात. अन् हा भाऊ तिच्यासमोर लेकीला सांगतो की तुला गणिताचं काय काम.

आता जास्त ताणत नाही, पण त्या गाडीवाल्याचं राहिलं.

ती गाडी, जी चालू ठेवून तो माझ्या दुकानासमोर धूर सोडत होता, ती किस्तीवर घेतलेली आहे. कागद घेऊन तो माझ्याकडेच आला होता, म्हणे भाऊ पाहा बरं, बारा टक्के फ्लॅट लिहिलं हाय, चांगलं हाय ना? सही करून झाल्यावर! मी दहा हजारावर समजावून सांगितलं. बारा महिन्याला बाराशे व्याज, म्हणजे 11,200, महिन्याची किस्त 933. आता बघ, तू पहिल्याच महिन्यापासून मुद्दल वापस करतो, सहा महिन्यांनी अर्ध्याच्या आसपास फिटलेलं असतं, पण व्याज शेवटपर्यंत पूर्ण दहा हजाराचं कापतात. खरा दर साडेएकवीसच्या आसपास जातो. तो माझ्या तोंडाकडे पाहत राहिला. मग हसला अन् म्हणाला, "आपल्याले गणित नाही जमत भाऊ."

हसला रे तो! मला त्या हसण्याचाच राग येतो. नाही जमत म्हणून हसता, अन् मग जिथे जाता तिथे समोरचा तुमच्या हसण्यावर कमावतो. कृषी केंद्रवाला बिलात काय लावतो ते पाहत नाही. व्यापारी कट्टीमागे, म्हणजे पोत्यामागे, दोन किलो घट कशाची धरतो ते विचारत नाही. माझ्या उधारीच्या वहीत मी काय लिहितो ते तरी कधी वाचता का? मी बरा माणूस आहे म्हणून, नाहीतर एक शून्य वाढवायला कितीसा वेळ लागतो. अन् हे सगळं डोक्यावर घेऊन तुम्ही पुन्हा लेकरालाही तेच शिकवता, तेही अभिमानाने.

अरे बाबा, तुला गणित शिकवायला कोणी सांगितलं? बीजगणित नको तुझ्याकडून, भूमिती नको. तू फक्त गप राहा. पोरगं छताकडे पाहून मनात मोजत असतं ना, तेव्हा ते डोकं चालवत असतं, ते तुला दिसत नाही म्हणून ते रिकामं नसतं. बोटं मोजू दे त्याला. चुकलं तर चुकू दे, सत्तर म्हणू दे, दुकानदार काय चार रुपये जास्त देणार आहे का, तिथेच दुरुस्त होईल. भाजी घ्यायला तो, पेट्रोल टाकायला तो, कापसाच्या हिशोबाची पट्टी आली की आधी त्याच्या हातात दे, किती पोती, किती वजन, किती कापले, तू वाच म्हण. नाही येणार दोनदा, तिसऱ्यांदा येईल. लोकांसमोर ढ म्हणशील तर मात्र जन्मात येणार नाही, कारण येत असलं तरी तो तोंड उघडणार नाही. परवा नाही उघडलं.

मी 66 रुपये काउंटरवर ठेवले. पोराने न मोजता खिशात टाकले, खाली मान घालून गाडीवर मागे बसला.

पुढच्या वेळेस ती गाडी दोन मिनिटं बंद कर. पेट्रोल तरी वाचेल.