पगार गोपनीय आहे म्हणे!

'आपल्या भावनांचा आम्ही आदर करतो.' एचआरच्या मेलची ही पहिलीच ओळ. अहो, पगार विचारला होता, भावना कुणी विचारल्या होत्या?

प्रकरण नेहमीचंच. एका खासगी कंपनीचं अकाउंट्स. एक बाई, एक पुरुष, शेजारी बसतात. जीएसटी रिटर्न दोघं भरतात, टीडीएस दोघं बघतात, ऑडिटच्या आठवड्यात दोघांचेही डबे टेबलावरच उघडतात. त्याचा पगार जास्त. बाईंनी लेखी विचारलं, का? उत्तर आलं की वेतन ही गोपनीय बाब आहे, तुमचं मागचं पॅकेज कमी होतं, त्यांचं पदनाम वेगळं आहे, आणि आपण सगळे एक कुटुंब आहोत. खाली सही, सहीखाली गुलाबी फूल. मार्च महिना ना, महिला दिनाचा!

आता 'गोपनीय'पासूनच सुरुवात करू. वेतन संहिता, म्हणजे सारख्या कामाला बाईला नि पुरुषाला सारखा पगार द्या असं सांगणारा केंद्राचा कायदा, 2019 मध्ये संमत झाली, 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झाली. तिचं कलम 50 वाचलंय का कुणी त्या मजल्यावर? मालकाने नोटीस बोर्डावर ठळक जागी संहितेचा गोषवारा लावायचा आहे, कर्मचाऱ्यांचे वर्गवार वेतनदर लावायचे आहेत, पगाराची तारीख आणि निरीक्षक-नि-सुविधाकाराचं, म्हणजे तपासणीच्या सरकारी अधिकाऱ्याचं, नाव-पत्ता लावायचा आहे. वर्गवार दर, भर पॅसेजमध्ये, चहाच्या मशीनशेजारी! अमक्याला नेमके किती हे त्यात येत नाही, मान्य. पण त्या वर्गाचा दर काय हे गुपित ठेवता येत नाही. तुमच्या ऑफिसच्या बोर्डावर काय आहे? सत्यनारायणाचं निमंत्रण, फायर ड्रिलची तारीख आणि 'एम्प्लॉयी ऑफ द मंथ'.

दुसरं, मागचं पॅकेज. हे ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. ऑनलाइन अर्जात 'सध्याचा सीटीसी' या रकान्यापुढे लाल चांदणी, भरल्याशिवाय पुढचं पान उघडत नाही, वर तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या जोडा. कशासाठी? तर 'पॉलिसीप्रमाणे तीस टक्के हाइक' द्यायला. करा हिशोब. तिचे आधीचे 4 लाख, त्याचे 5. दोघांना तीस टक्के सारखेच, म्हणजे तिचे 5.20 आणि त्याचे 6.50. एक लाखाचा फरक पहिल्याच दिवशी 1.30 लाख झाला. पुढे पाच वर्षं दोघांना प्रामाणिकपणे दहा-दहा टक्के वाढ द्या, फरक 2 लाख 9 हजारांच्या पुढे. कुणी वाईट वागलं नाही, कुणी भेदभाव केला नाही, एक्सेलने केलं सगळं. युरोपियन युनियनच्या 2023 च्या वेतन-पारदर्शकता निर्देशात उमेदवाराला मागचा पगार विचारायलाच बंदी आहे. आपल्या संहितेत त्यावर चकार शब्द नाही. सगळ्यात मोठं भोक तिथेच ठेवलंय.

तिसरं, पदनाम. तो 'सीनियर एक्झिक्युटिव्ह', ही नुसतीच 'एक्झिक्युटिव्ह'. फार मोठा शोध लावला! ही युक्ती मुंबईतच जुनी झाली आहे. मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्रे डिकोस्टा यांचा खटला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल 1987 चा. कंपनीचं म्हणणं, या 'कॉन्फिडेन्शियल लेडी स्टेनोग्राफर', साहेबांच्या हाताखालच्या, त्या पदावर पुरुषच नाही, मग तुलना कुणाशी करणार? शिवाय युनियनशी करार झालाय. शिवाय समान पगार द्यायला परवडत नाही. कोर्टाने तिन्ही सबबी उडवल्या. पाटीवर काय लिहिलंय ते नाही, प्रत्यक्ष काम काय चालतं ते बघा. आणि न परवडणं हा बचाव नाही. चाळीस वर्षं होत आली. स्टेनोग्राफर गेल्या, शॉर्टहँड गेलं, सबब मात्र तश्शीच टवटवीत.

या सबबीला संहितेने एक नवा टेकू मिळवून दिलाय. संहितेने ज्याची जागा घेतली त्या 1976 च्या समान मोबदला कायद्यात 'सारख्या स्वरूपाचं काम' ठरवायला कौशल्य, श्रम आणि जबाबदारी हे तीनच निकष होते. आता चौथा घुसवला, अनुभव. झालं! एचआरला आयतं कोलीत. पण व्याख्या नीट वाचा: त्या कामाला लागणारा अनुभव, माणसाने गाठीला बांधलेला नव्हे. रिटर्न भरायला तीन वर्षांचा अनुभव पुरत असेल तर त्याच्या नऊ वर्षांचं कौतुक दुसरीकडे करा.

आणि शिक्षा? जुन्या कायद्यात पहिल्या गुन्ह्यालाही दहा ते वीस हजार दंड किंवा तीन महिने ते एक वर्ष कैद होती, किंवा दोन्ही. कुणी आत गेलेलं डोळ्यांपुढे येत नाही ते सोडा, निदान कागदावर तरी होती. आता हक्कापेक्षा कमी पगार दिला तर पहिल्या वेळी फक्त दंड, कमाल पन्नास हजार. तोही तडजोडीने मिटवता येतो, कमाल दंडाच्या निम्मे भरून. पंचवीस हजार! महिला दिनाच्या फुग्यांचं, केकचं आणि त्या 'प्रेरणादायी' वक्त्याच्या मानधनाचं बिल बहुधा याहून मोठं येत असेल.

जुन्या कायद्यात आणखी एक कामाची गोष्ट होती. 'नमुना ड' रजिस्टर. कामाचं थोडक्यात वर्णन, पुरुष किती, बायका किती, दर काय, मूळ पगार, महागाई भत्ता, घरभाडं, सगळं एका ओळीत. बऱ्याच ठिकाणी ते तपासणीच्या आदल्या रात्री एकाच पेनाने भरलं जायचं, तरी तो तक्ता मागायचा हक्क निरीक्षकाला होता. असो. रजिस्टरच्या रकान्यांवर इतकं हळहळणारा माणूस लग्नाच्या पंगतीत शेजारी आला तर लोक मठ्ठा आणायच्या निमित्ताने उठतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. संहितेचं कलम 59 म्हटलं की भल्याभल्यांना जांभई येते.

पण 59 सोडवत नाही हो! पगार कमी दिल्याचा दावा दाखल झाला की देणं पूर्ण दिलं हे सिद्ध करायचं ओझं मालकावर आहे. आणि कलम 3 म्हणतं, समानता आणायला कुणाचाही पगार कमी करता येणार नाही. तेव्हा 'तुझ्या तक्रारीपायी आमचे कापतील' असं पुटपुटणाऱ्या शेजारच्या टेबलाला हे कलम झेरॉक्स काढून द्या.

पळवाट कुठे आहे ते त्यांना पक्कं ठाऊक असतं. तुलना एकाच आस्थापनेत, एकाच मालकाकडे. म्हणून पॅकिंगच्या बायका कंत्राटदाराच्या पटावर आणि पुरुष कंपनीच्या. पट्टा तोच, खोकी तीच, मालक कागदोपत्री दोन. दुसरी गंमत वेतनाच्या व्याख्येत. समान वेतन मोजताना प्रवासभत्ता, घरभाडं, ओव्हरटाइम धरायचं असं स्पष्ट लिहिलंय, कमिशन मात्र बाहेर. सेल्समध्ये चांगले एरिया कुणाला मिळतात ते सांगायला हवं का?

शेतात तर कायदा बांधावरच थांबतो. फवारणी गड्याची, खुरपणी बाईची, आणि दिवसभर कंबरेतून वाकायचं काम 'हलकं'! ऊसतोडीला नवरा-बायको मिळून एक कोयता, उचल कोयत्यावर, हिशोब मुकादमाकडे. तिची मजुरी किती, याला रकानाच नाही. आणि क्रिकेट? बीसीसीआयने ऑक्टोबर 2022 मध्ये मॅच फी सारखी केली, कसोटीला 15 लाख, वनडेला 6, टी-ट्वेंटीला 3. टाळ्या! 2024-25 च्या वार्षिक करारात वरची श्रेणी पुरुषांना 7 कोटी, बायकांना 50 लाख. टाळ्या वाजवून झाल्या असतील तर भागाकार करा.

तर त्या मेलला उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नका. दावा करायला तीन वर्षं आहेत, पण आठवणी तीन महिन्यांत पातळ होतात. आपल्या रोजच्या कामाची यादी करा, शेजारच्याचीही करा, तारखांसकट: कुठलं रिटर्न कुणी भरलं, रजेवर असताना कुणाचं काम कुणी ओढलं. एकमेकांचं काम बिनबोभाट ओढता येतं यासारखा पुरावा नाही. नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, वाढीची पत्रं जोडा. काम सारखं आहे की नाही हा वाद कलम 4 खाली, पैशाचा दावा कलम 45 खाली. नुकसानभरपाई दाव्याच्या दहापटीपर्यंत मिळू शकते. नोंदणीकृत युनियनची सभासद असाल तर अर्ज युनियनलाच करू द्या, एकटीने नाव पुढे करायला नको. अर्जात 'अन्याय' एकदाच लिहा, कामाचं वर्णन दोन पानं लिहा. आणि पोच घ्या. दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक. सरकारी कार्यालयात 'ठेवून जा, बघतो' म्हणाले तर खुर्ची ओढून बसा.