'स्पष्टवक्ता' यांस, टाचण्यांबद्दल

स्पष्टवक्ता महोदय,

अ‍ॅबिगेल अ‍ॅडम्सच्या अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाच्या काळातल्या, नवरा जॉन (पुढे अमेरिकेचा दुसरा राष्ट्राध्यक्ष) याला लिहिलेल्या पत्रांवरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत : "टाचण्यांचे भाव म्हणजे इतिहास नव्हे. बड्या पुढाऱ्याच्या बायकोची कुरकुर, तीही नातवाने चाळून छापलेली. तिच्या माहेरच्या फीबी या गुलाम बाईचं पत्र कुठंय? लेखकाने आधी थोडं वाचावं."

शेवटच्या वाक्याची खरंच गरज होती का? मतभेद असावेत, पण टोपणनावाआडून असली शेरेबाजी मला रुचत नाही. लेख लांबला, हे मान्य. देवीच्या साथीचे दोन परिच्छेद गाळता आले असते.

आता टाचण्या. अ‍ॅबिगेलचं पत्र 16 जून 1775 चं आहे. जॉन फिलाडेल्फियाला अमेरिकन वसाहतींच्या काँग्रेसमध्ये आणि ही बोस्टनजवळच्या ब्रेनट्रीच्या शेतावर चार लहान मुलं घेऊन. ती कळवते की पूर्वी साडेसात शिलिंगला मिळायच्या तेवढ्या टाचण्या आता वीस शिलिंग टाकूनही मिळत नाहीत, तेव्हा सहा हजारांचा एक गठ्ठा तिकडून घेऊन ट्रंकेत टाका. त्या काळी बायकांचे कपडे अंगावर टिकायचे ते टाचण्यांवर आणि टाचण्या यायच्या इंग्लंडहून. बोस्टन बंदर 1774 च्या जूनपासून इंग्रज सरकारने बंद केलेलं. वर इंग्रजी मालावरचा बहिष्कार, ज्या ठरावावर खुद्द जॉनची सही. म्हणजे सही नवऱ्याची आणि रिकामा झाला तो हिचा शिवणाचा डबा. राजकारण घरात कसं शिरतं हे याहून नेमकं कुठे सापडतं ते तुम्हीच सांगा. दुसऱ्याच दिवशी बोस्टनशेजारी बंकर हिलची लढाई झाली. आठ वर्षंही पूर्ण न झालेल्या मुलाला, जॉन क्विन्सीला, घेऊन तिने टेकडीवरून तिथलं चार्ल्सटाउन गाव जळताना पाहिलं आणि 18 तारखेला लिहिलं की तोफांच्या आवाजाने खाणं, पिणं, झोपणं सुटलंय. टाचण्या आणि तोफा एकाच हातच्या, दोन दिवसांच्या अंतराने. तुम्हाला त्यातल्या फक्त तोफा हव्यात.

आणि भावांचंच म्हणाल तर 1777 च्या जुलैअखेरचं पत्र काढा. बोस्टनचा एक श्रीमंत, कंजूष, बिनलग्नाचा व्यापारी कॉफीचं पिंप दडवून बसला होता. पौंडभर वजनाला सहा शिलिंगांच्या खाली देईना. शंभरेक बायका हातगाडी घेऊन गेल्या, किल्ल्या मागितल्या. देईना, तेव्हा एकीने त्याची मान धरून त्याला गाडीत आदळला. किल्ल्या घेतल्या, कॉफी काढली, चालत्या झाल्या. पुरुषमंडळी बघत उभी! हे सांगणारी बाई त्याच महिन्यात मृत मुलीला जन्म देऊन उठली होती. याला कुरकुर म्हणायला जीभ कशी रेटते?

थोडं घरचं सांगतो. माझे आजोबा बेचाळीसला सातारा जिल्ह्यात भूमिगत होते. झडतीच्या धास्तीने आजीने त्यांची सगळी पत्रं चुलीत घातली. उरली तिची हिशेबाची वही : रॉकेल, गूळ, जोंधळा. घरात खाणारी तोंडं चार आणि जोंधळा दहा जणांचा. रात्री कोण येऊन जेवून जात होतं, त्याची नावं त्या वहीत नाहीत, पण पायल्या आहेत. तेव्हा घरखर्चाच्या कागदाची किंमत मला कुणी शिकवू नये. निदान टोपणनावाने तरी नाही.

नातवाचं म्हणाल, तर चार्ल्स फ्रान्सिसने 1840 साली आजीची पत्रं निवडून छापली, खरं आहे. पण कुटुंबाने मूळ कागद 1956 मध्ये मॅसॅच्युसेट्स हिस्टॉरिकल सोसायटीला देऊन टाकले आणि 1963 पासून त्या मूळ कागदांवरूनच पत्रव्यवहाराचे खंड निघताहेत. मी वापरतो ते हेच. 'आधी थोडं वाचावं' कुणाला लागू पडतं, ते वाचकांनी ठरवावं.

'बडा पुढारी' वगैरे सोडून देतो. जॉन वकील होता, सावकार नव्हे.

राहता राहिली फीबी. अ‍ॅबिगेलच्या वडिलांच्या मृत्युपत्राने ती 1783 साली मुक्त झाली, एवढं मलाही ठाऊक आहे. तिचं पत्र माझ्या लेखात नाही. तो वेगळा विषय आहे, इथे नको.