निर्वासितांबद्दल बोलणाऱ्या पोरांनो, आधी आपल्या आजीला विचारा

यंदा २० जूनला, जागतिक निर्वासित दिनाला, आमच्या ओळखीच्या काही कॉलेजच्या पोरापोरींनी लातुरात पथनाट्य केलं. मला त्यांचं मनापासून कौतुक आहे. 'नीट' परीक्षेच्या आणि क्लासच्या या शहरात कुणा परक्याच्या दुःखासाठी वेळ काढणं सोपं नाही. नाटकात सीरिया होता, गाझा होती, २०१७ साली म्यानमारमधून जीव घेऊन बांगलादेशातल्या कॉक्स बाजारला पोचलेले सात लाखांहून जास्त रोहिंग्या होते. बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या, 'बिचारे' म्हणाले आणि आपापल्या वाटेनं गेले.

त्या 'बिचारे'बद्दलच मला बोलायचंय. हळहळ दूरच्या माणसाबद्दल वाटते. आपण मराठवाड्यातले लोक निर्वासितांपासून इतके दूर नाही.

१९४७-४८ साली रझाकारांच्या भीतीनं आपल्याकडची कितीतरी घरं रातोरात निजामाच्या हैदराबाद संस्थानाची सरहद्द ओलांडून गेली. बार्शी तालुका तेव्हा मुंबई प्रांतात. तिथं निजामाची हद्द संपायची. माझ्या आजेसासूबाई धाराशिवकडच्या. त्या सांगायच्या, "बैलाच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून ज्वारीच्या पोत्यात खुपसल्या. लेकरू रडलं की माय पदर तोंडात कोंबायची." बार्शीत एका नातेवाइकाच्या गोठ्यात हे सगळं कुटुंब राहिलं. जातं गावीच राहिलेलं, म्हणून दळण घेऊन शेजारणीकडे जावं लागे. आठ-दहा दिवस तिनं काही म्हटलं नाही. मग एकदा सहज विचारलं, "अजून किती दिवस हाय तुमचं?" रझाकारांबद्दल आजेसासूबाई फार बोलत नसत. हा प्रश्न मात्र त्यांना शेवटपर्यंत टोचत होता.

ही गोष्ट ज्यानं घरात ऐकलीय, तो रोहिंग्या बाईला नुसतं 'बिचारी' म्हणणार नाही. दुसऱ्याच्या जात्यावर दळायला बसणं काय असतं, हे त्याला कळलेलं असेल.

हे विचारायला गावातल्या दुसऱ्या आळीतही जायला हवं. सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस ॲक्शन झाली, म्हणजे भारतीय सैन्यानं हैदराबाद संस्थान ताब्यात घेतलं, आणि त्यानंतर याच भागातली मुसलमान कुटुंबं मारली गेली, गावं सोडून पळाली. भारत सरकारनंच नेमलेल्या सुंदरलाल समितीनं हैदराबाद संस्थानात २७ ते ४० हजार माणसं मारली गेल्याचा अंदाज दिला, आणि सगळ्यात जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद (आताचं धाराशिव) आणि नांदेड होते. घरातली मोठी माणसं म्हणतील, कशाला जुनी खपली काढता? पण एकाच गावातून आधी एक आळी पळाली, मग दुसरी, हे ऐकल्याशिवाय माणूस बेघर कसा होतो ते समजत नाही. सांगणारे आता नव्वदीला टेकलेत. मोबाईलवर रेकॉर्ड करून ठेवा.

आजचंही बघा. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठात येमेन, सुदानची मुलं शिकतात. कागदोपत्री ती निर्वासित नाहीत, विद्यार्थी आहेत. पण सुदानमध्ये एप्रिल २०२३ पासून लढाई पेटलीय, येमेनमध्ये तर दहा वर्षांहून जास्त काळ झाला. शिक्षण संपल्यावर जायचं कुठं, व्हिसा संपला तर काय, घरून पैसे कसे येणार, ही त्यांची रोजची काळजी. त्यांना कार्यक्रमाला बोलवाल तेव्हा 'बॉम्ब पडताना पाहिलास का' असं विचारू नका. काय शिकतोस, खोली मिळायला किती दारं ठोठावलीस, हे विचारा. आणि कुणाची खोली रिकामी असेल तर मालकाशी बोला.

आणखी एक माहिती पोरांनी पाठच करावी, कारण चौकात हा प्रश्न येणारच. १९५१ च्या निर्वासित करारावर भारतानं सही केलेली नाही, आपल्याकडे निर्वासितांसाठी वेगळा कायदाही नाही. तिबेटी आणि श्रीलंकन तमिळांची व्यवस्था सरकार बघतं. अफगाणी किंवा म्यानमारहून आलेल्यांना संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासितांसाठीच्या दिल्लीतल्या कार्यालयाकडून ओळखपत्र मिळवावं लागतं. पण १९९६ साली, पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा लोकांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलंय, संविधानाच्या कलम २१ मधला जगण्याचा हक्क नागरिक नसलेल्यालाही आहे. 'ते आपले नाहीत' म्हणणाऱ्याला हे शांतपणे सांगता आलं पाहिजे.

माझी एकच विनंती आहे. पुढचा कार्यक्रम १७ सप्टेंबरला घ्या. मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की सगळं गाव शाळेच्या पटांगणात असतं, म्हातारी माणसंही आलेली असतात. भाषणं आटोपती घ्या आणि दोन्ही आळ्यांतल्या आज्यांच्या हातात माईक द्या.