कॅन्सल केलंय, पण आहे

सबस्क्रिप्शन कॅन्सल करणाऱ्या माणसाचा विषय बटण दाबलं की संपतो, सुटला बिचारा. आमच्या सर्व्हरचं गुऱ्हाळ तिथून सुरू होतं. पैसे गोळा करणाऱ्या पेमेंट गेटवेकडून आधी 'अपडेटेड'चा वेबहुक, म्हणजे त्याने आपणहून धाडलेला निरोप, येतो, त्यात स्टेटस बघावं तर अ‍ॅक्टिव्हच, आणि आत कुठेतरी कोपऱ्यात 'कॅन्सल अ‍ॅट पिरियड एंड' ट्रू झालेलं. म्हणजे गेलाय पण आहे, पैसे भरलेत तोवर हलणार नाही. खरा 'डिलीटेड' येणार मुदत संपल्यावर, आणि मधेच गड्याचं मन बदललं की परत 'अपडेटेड', या खेपेला फॉल्स. रुसवेफुगवे त्यांचे, नोंदी आम्ही ठेवायच्या.

सर्व्हर रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलाय म्हटलं की लोक म्हणतात मग कसलं टेन्शन, चुका आधीच पकडणारा कंपायलर आहे की. आहे ना! एनम म्हणजे ठरलेल्या पर्यायांची यादी, त्यातला एक पर्याय (व्हेरियंट) मॅचमध्ये हाताळायचा राहिला तरी पुढे सरकू देत नाही. पण त्याची सगळी दादागिरी आपल्या कोडपुरती, बाहेरून जेसन स्वरूपात आलेल्या मजकुरापुढे त्याचं काय चालणार? गेटवेने नवीन इव्हेंट काढला की जेसन वाचणारी सर्डे लायब्ररी एरर देऊन मोकळी, म्हणून एनमच्या शेवटी 'अदर' नावाची धर्मशाळा बांधायची, कोणीही या, टेका, २०० ओके, म्हणजे 'पोचलं'ची पावती, घ्या आणि निघा.

निरोप खरंच गेटवेचाच आहे हे पटवणाऱ्या सहीचं प्रकरण तर त्याहून नाजूक. अ‍ॅक्सम या रस्टच्या वेब फ्रेमवर्कचा जेसन एक्स्ट्रॅक्टर दिसायला गोड, पण तो निरोपाची बॉडी गिळून बसतो, आणि एचमॅक, म्हणजे तीच सही, तपासायचा असतो जशाच्या तशा आलेल्या बाइट्सवर. पार्स करून परत स्ट्रिंग केली की एक स्पेस इकडची तिकडे होते आणि सही ओळख दाखवत नाही. म्हणून कच्चे बाइट्सच घ्या, तेही हँडलरच्या, म्हणजे निरोप हाताळणाऱ्या फंक्शनच्या, शेवटच्या आर्ग्युमेंटला, नाहीतर 'हँडलर ट्रेट इम्प्लिमेंट नाही' एवढीच एरर येते, खटकलंय काय ते गुलदस्त्यात. डिबग हँडलर मॅक्रो लावला की मग कुठे कंपायलर तोंड उघडतो.

वर उत्तराला उशीर झाला की तोच इव्हेंट परत येतो, काही गेटवे ३ दिवस पिच्छा सोडत नाहीत. डेटाबेसमध्ये इव्हेंट आयडीवर युनिक इंडेक्स टाकायचा, म्हणजे तोच आयडी दोनदा घुसत नाही, आणि आधीच येऊन गेलेला असेल तर मुकाट २०० द्यायचा. आणि क्रमाची तर कोणी हमीच देत नाही, 'डिलीटेड' येऊन गेल्यावर मागून एखादा रखडलेला 'अपडेटेड' उगवतो, मी अ‍ॅक्टिव्ह आहे हो! त्याच्या बोलण्यावर जायचंच नाही, सरळ गेटवेच्या एपीआयला विचारायचं की सध्या खरं काय.

एवढं सगळं नीट चाललं की सपोर्टला मेल येतो, मी कॅन्सल केलंय तरी अकाउंट चालू कसं?