टँडमची चाकं आणि ब्रेक रबरं विकणाऱ्यांनो, जरा आकडे सांगायला काय जातं तुमचं?

दोन माणसांच्या सायकलला चाकं घ्यायची म्हणजे काय गुन्हा केलाय का आम्ही? पुण्यातली दुकानं पालथी घातली, सगळीकडे एकच टेप, "सर सगळं सेमच असतं, बिनधास्त टाका." कसं काय सेम असतं? आम्ही दोघं, सायकल आणि लादलेल्या बॅगा मिळून १९० किलोच्या घरात जातो, आणि चाकं दोनच, त्यात मागच्याचा तर नुसता छळ.

एका भारीतल्या शोरूममध्ये, एसी वगैरे, येताक्षणी कॉफी पण विचारतात, तिथे टूरिंगसाठी म्हणून २४ तारांची चाकं काढून दाखवली. २४! अहो दूधवाल्याच्या त्या जुन्या काळ्या सायकलला पुढे ३२ आणि मागे ४० तारा असतात, कारण ज्याने ती बनवली त्याला कळत होतं की मागे वजन लटकणारे. मी म्हटलं निदान ३६ तरी हवेत, ४० मिळाल्या तर उत्तमच, तर तो पोरगा माझ्याकडे असा बघतोय की जणू मी बैलगाडीचं चाक मागतोय. मग हबचं, म्हणजे तारा जिथून निघतात त्या चाकाच्या मधल्या भागाचं नाटक. आमच्या फ्रेमला मागे १४५ एमएम रुंदीचं हब लागतं, रिम ब्रेकवाल्या (रबरं थेट रिंगेवर दाबणाऱ्या) बऱ्याच टँडमला तेच असतं, आणि याच्याकडे सगळी १३५ ची. यावर उपाय काय, तर त्याने मागच्या दोन्ही दांड्या हातात धरून आत दाबून दाखवल्या, "बघा सर, नट आवळला की बसतंय." अरे ॲल्युमिनियमची फ्रेम आहे ती, एक सेंटिमीटर आवळून बसवलेलं चाक घेऊन मी बायकोला मागे बसवून घाट उतरू?

आणि रबरांचं तर विचारूच नका. महाबळेश्वरहून आंबेनळीने पोलादपूरला उतरायचं म्हणजे तेराशे मीटरच्या वरून जवळपास तळाला, एवढ्या वजनाचा सगळा वेग ब्रेकने खायचा, म्हणजे सगळी उष्णता रिंगेत. रिंग तापली की ट्यूबमधली हवा फुगते आणि नशीब फुटकं असेल तर वळणावरच टायर उडतो. स्वस्तातलं काळं रबर तापून गुळगुळीत दगड होतं, पावसात रस्त्याची वाळू आणि रिंगेचाच चुरा त्यात रुतून बसतो आणि मग ते ब्रेक मारत नाही, रिंग तासतं. चर्रर्र आवाज येतो ना, तो तोच. ओल्यात चालणारी ती कूल-स्टॉप कंपनीची तांबूस रबरं मागितली तर उत्तर काय, "लाल पण आहेत सर, निळी पण आहेत." रंग नकोय मला, मटेरियल सांग!

यावर ज्ञानी लोक लगेच, "डिस्क ब्रेक करून टाका." फ्रेमला कॅलिपर, म्हणजे पॅड दाबणारा तो चिमटा, बसवायला जागाच नाहीये, वेल्डिंग करू का? आणि डिस्कवाल्या मित्राचं तरी कुठे सुखात चाललंय, त्याच्या रोटरवर, म्हणजे ब्रेकच्या चकतीवर, ‘फक्त रेझिन पॅड’ असं चक्क कोरलंय आणि दुकानातल्या पॅडच्या पाकिटावर रेझिन की सिंटर्ड (धातूच्या भुकटीचं) याचा पत्ताच नाही, नुसतं ‘हाय परफॉर्मन्स’. लांब उतारावर सतत लावून ठेवायला पूर्वी अराई कंपनीचा ड्रम ब्रेक यायचा, मागच्या हबवर चढवायचा, रिंगेला त्रासच नाही. एवढी कामाची एक वस्तू होती, तीही बंद करून टाकली.

शेवटी ऑनलाइन एक ३६ तारांची जोडी सापडली. खाली बारीक अक्षरात ‘रायडरचं कमाल वजन ११० किलो’. एका रायडरचं की दोघांचं मिळून, सामान धरून की सोडून, काही नाही. मेल टाकला, स्वच्छ लिहिलं की टँडम आहे, दोघं बसतो. उत्तर आलं, "कृपया दिलेल्या वजनमर्यादेतच वापर करावा." म्हणजे काय, आम्ही आळीपाळीने बसायचं?